तिसऱ्या फेरीचा फोटो

भाटकर काका गेल्याची बातमी मला नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या टिलबर्ग शहरात कळली. ज्या फोटोसकट ती कळली, त्या फोटोचा राग अजून उतरलेला नाही. एका गोदामाच्या फाटकापाशी मी पत्रकं वाटत उभी होते, फोन थरथरला. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश होता: आपले ज्येष्ठ सदस्य, सागरपुत्र कॅप्टन भाटकर यांचे दुःखद निधन. खाली जोडलेले हात, मग रडके चेहरे, मग पुन्हा जोडलेले हात. आणि त्याखाली गेल्या उन्हाळ्यातला तो फोटो. आम्स्टरडॅमच्या बंदरात सहलीच्या एका छोट्या बोटीच्या मागच्या टोकाला काका ताठ उभे आहेत, हातात दोरी आहे, काठीवरचा झेंडा अर्ध्यावर उतरलेला आहे आणि समोर राखाडी भिंतीसारखी अमेरिकन युद्धनौका. फोटोखाली ओळ होती: ‘जगाच्या समुद्रांचे रक्षण करणाऱ्या अमेरिकन आरमाराला मानवंदना देताना कॅप्टनसाहेब.’

मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, तो हरकत घ्यायला येत नाही. म्हणून त्यांच्या वतीने मी घेते आहे. फोटो खरा आहे, ओळ खोटी आहे. आणि मंडळात ज्यांना हे ठाऊक असायला हवं होतं, त्यांची तोंडं त्या वेळी बटाटेवड्याने भरलेली होती.

काका माझे रक्ताचे कुणी नव्हते. बाबांना इथे नोकरी लागली तेव्हा आम्ही पुण्याहून आलो. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आम्स्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात ज्या इमारतीत घर मिळालं, तिथेच आमच्या वरच्या मजल्यावर काका आणि शालनकाकू राहत. काका व्यापारी जहाजांवर कप्तान होते. समुद्र सोडल्यावर रॉटरडॅममधल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत बसले, मग निवृत्त झाले. त्यांचा मुलगा कॅनडात. आई-बाबा दोघंही कामावर, त्यामुळे शाळा सुटली की मी त्यांच्याकडे असायचे. वर्षभरात मी इथल्या इतर पोरांसारखी झाले, घरी कुणी मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर द्यायचे. आई-बाबांना त्याचं थोडं कौतुकच होतं. काका मात्र मी डचमध्ये बोलले की वर्तमानपत्र वाचत राहायचे, जणू खोलीत कुणीच नाही. चिडून मी मराठीत ओरडले की पान खाली करून म्हणायचे, “हं, आता ऐकू आलं. ज्या भाषेत हाक, त्या भाषेत ओ.” आज मी हे मराठीत लिहिते आहे ते केवळ त्या वर्तमानपत्रामुळे.

त्यांच्या गॅलरीसमोरून मेट्रो जाते. खांबांवर उचललेला रूळ आणि चौथ्या मजल्यावरची गॅलरी जवळजवळ समोरासमोर येतात. इथे घरोघरी झेंड्याची काठी लावायची सोय असते, पोरगं शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की लोक झेंड्याबरोबर त्याचं दप्तरही काठीला टांगतात. काकांनी आपल्या गॅलरीत काठी उभी केली, तिला छोटी कप्पी आणि दोरी लावली आणि वर चढवला लाल काठाचा पंचा. काकू म्हणाल्या, पंचा काय झेंडा आहे, लोक काय म्हणतील. काका म्हणाले, लोकांना वाटेल वाळत घातलाय. मी पहिल्यांदा एकटी मेट्रोने शाळेत जायला निघाले, तेव्हा त्यांनी मला नियम समजावला. समुद्रात व्यापारी जहाज युद्धनौकेजवळून जातं तेव्हा ते आपला झेंडा अर्ध्यावर उतरवतं आणि तसाच ठेवून वाट बघतं. युद्धनौकेने आपला झेंडा उतरवून परत चढवला, की मग हे आपला चढवतं. “मी पंचा उतरवीन, तू खिडकीतून टोपी खाली करून वर कर. तुझं उत्तर दिसल्याशिवाय माझा पंचा वर जायचा नाही. म्हणजे तू नीट बसलीस हे मला कळेल.” यात युद्धनौका कोण, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “तूच. मी साधा मालवाहू.”

शाळा संपली, विद्यापीठ सुरू झालं, टोपीच्या जागी पत्रक आलं. मी ज्या गटात काम करते तो लहान आहे आणि आमची पत्रकं पिवळी असतात, लांबून दिसावीत म्हणून. आमचा विषय युद्धसामग्री, तळ आणि परक्या समुद्रांत मालकासारखी फिरणारी आरमारं. सकाळी मेट्रोच्या काचेला मी पिवळं पत्रक टेकवायचे, खाली घ्यायचे, वर घ्यायचे, आणि पंचा सुळकन वर जायचा. मी दारात दिसले की काका आत ओरडून सांगायचे, “शालन, मोर्चा आलाय. चहा टाक.” पत्रक ते चष्मा लावून वाचत आणि पेनने शुद्धलेखन सुधारत. पत्रक डचमध्ये असलं तरी.

त्यांच्याशी भांडायला मजा यायची, कारण ज्या गोष्टीवर मी कागदाच्या दोन्ही बाजू भरून लिहायचे ती त्यांनी पाण्यावर पाहिली होती. अमेरिकन आरमाराच्या शांतताकाळातल्या कामाला त्यांचे अधिकारी ‘उपस्थिती’ म्हणतात. किती सोज्वळ शब्द आहे. जणू शाळेत हजेरी लावायला आलेत. आमच्या पत्रकात मी लिहिलं होतं: गल्लीतला दादा रोज कुणाला मारत नाही. तो रोज फक्त पानपट्टीसमोर खुर्ची टाकून बसतो, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्या बसण्यालाच गल्लीत शांतता म्हणतात. तीच खुर्ची समुद्रात टाकली की तिचं नाव होतं सागरी सुरक्षा. दुसऱ्याच्या दारातून वर्षानुवर्षं ये-जा करायची, तिला स्वातंत्र्य म्हणायचं. दुसरा आपल्या दारात दिसला तर त्याला चिथावणी म्हणायचं. मधूनच एखाद्या बंदरात थांबून बँड वाजवायचा, लहान मुलांच्या डोक्यावर टोप्या घालायच्या, भिंतींना रंग द्यायचा आणि त्याला सदिच्छा म्हणायचं. आणि आपण... आपण रांगा लावून त्या टोप्या घालून घ्यायच्या.

हे वाचून काका म्हणाले, खुर्ची बरोबर आहे, पानपट्टी डच लोकांना कळणार नाही. मग त्यांनी रेडिओची गोष्ट सांगितली. अरबी समुद्रात त्यांचं जहाज चाललेलं असताना अमेरिकन युद्धनौकेचा आवाज यायचा: आपण कोण, कुठून निघालात, कुठे चाललात, माल काय. सभ्य आवाज, सर-बिर लावून. “रत्नागिरीच्या माणसाला अरबी समुद्रात विचारतायत, कुठे चाललात.” ते सगळी उत्तरं द्यायचे, नीट, क्रमाने. आणि शेवटी तितक्याच सभ्यपणे विचारायचे, आणि आपण, सर? आपण कुठून आलात, कुठे चाललात? मग रेडिओवर नुसती खरखर. इतक्या वर्षांत एकदाही उत्तर आलं नाही, आणि ते एकदाही विचारायचे राहिले नाहीत. जहाजावरचे पोरगेले अधिकारी आधी घाबरायचे, मग त्या खरखरीची वाट बघत हसायचे.

मी म्हटलं, हे पत्रकात घालू या, तुमच्या नावासकट. त्यांनी मान हलवली आणि दुसरी गोष्ट सांगितली. त्यांच्या जहाजावर एका बंगाली खलाशाचं पोट भर समुद्रात फुगलं, किनारा लांब होता. त्यांनी मदत मागितली आणि ऐकू येण्याइतकी जवळ एक अमेरिकन युद्धनौकाच होती. हेलिकॉप्टरमधून डॉक्टर आला, खलाशाला घेऊन गेला, तो जगला. काका म्हणाले, “त्या पोराला तुझ्या पत्रकात जागा आहे का?” मी म्हटलं, दादासुद्धा कधीतरी म्हातारीला रस्ता ओलांडून देतो, म्हणून गल्ली त्याची होत नाही. शिवाय समुद्रात मदत करायची हा सगळ्यांनाच बांधलेला नियम आहे, एखाद्या मच्छीमाराने केली असती तर त्याची कुणी पोस्टरं छापली नसती. ते म्हणाले, मच्छीमाराकडे हेलिकॉप्टर नसतं. मी म्हटलं, आहे त्यांच्याकडे, म्हणूनच बोलतेय. काकू आतून म्हणाल्या, त्या पोराला काय झालं होतं ते तरी विचारा कुणीतरी. अपेंडिक्स, काका म्हणाले. ते तेव्हा चहा बशीत ओतत होते. 

मग गेल्या उन्हाळ्यात ती अमेरिकन युद्धनौका आली. सदिच्छा भेट. बंदरात मध्यवर्ती धक्क्याला लावली, लोकांना आत जाऊन बघायला खुली केली. आणि आमच्या मंडळाला उमाळा आला. स्लोटरडाइकच्या चकचकीत कचेऱ्यांत बसून जगाचे सर्व्हर सांभाळणारी ही माणसं, हाउसआर्ट्सची म्हणजे घरच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली नाही तर ग्रुपवर साम्राज्यवादावर निबंध लिहितात. पण युद्धनौका म्हटल्यावर एकेकाचा लहान मुलगा झाला. अध्यक्षांनी ठरवलं, अमेरिकन कप्तानाचा शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन सत्कार करायचा. हो, मी विनोद करत नाहीये. रीतसर ईमेल गेला. उत्तर आलं की आभारी आहोत, भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत, पिशव्या आणू नयेत. यावर मंडळात चर्चा झाली की नारळ ही भेटवस्तू आहे की शुभचिन्ह. त्या दिवशी अध्यक्ष नारळ घेऊनच गेले. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने नारळ हातात घेऊन हलवला, आत पाणी वाजलं, आणि त्याने तो टेबलावर बाजूला ठेवून दिला. दुपारभर तो नारळ तिथेच होता, मुलांच्या जप्त झालेल्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी. जगाच्या समुद्रांचं रक्षण करणाऱ्यांनी आपलं त्या नारळापासूनही रक्षण केलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं, कारण फाटकासमोर आमचा गट पिवळी पत्रकं आणि फलक घेऊन उभा होता.

काकांना मंडळाने प्रमुख पाहुणे केलं होतं. युद्धनौकेवर चढायला त्यांनी नकार दिला, जिने जमत नाहीत म्हणाले. ते खरंही होतं, छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. पण मंडळाने बंदरात फिरायला एक बोट भाड्याने घेतली होती, तिच्यावर यायला ते तयार झाले. मी आदल्या दिवशी जाऊन त्यांना म्हटलं होतं, त्यांच्याकडे नको, आमच्याकडे या, रेडिओची गोष्ट लोकांना सांगा. “तुझ्या फलकाखाली उभं राहायला मला वेळ नाही आणि अध्यक्षांच्या फेट्याखाली डोकं नाही. मी बोटीत बसायला चाललोय,” म्हणाले.

धक्क्यावरून मला ती बोट येताना दिसली. वडे वाटले जात होते, मराठी गाणी लावलेली, पोरांच्या डोक्यावर फुकटच्या टोप्या. मागच्या टोकाला काका. बोट युद्धनौकेच्या अंगाला आली आणि त्यांनी दोरी सोडली. झेंडा अर्ध्यावर आला.  तो पंच्याचा खेळ आमचा होता. तो त्यांनी त्या राखाडी भिंतीसमोर काढून ठेवला होता. अध्यक्षांनी नेमका तेव्हाच फोटो काढला आणि ते वड्यांकडे वळले. युद्धनौकेवर कुणाचंही लक्ष नव्हतं, वरचे खलाशी येणाऱ्याजाणाऱ्यांसोबत सेल्फी काढण्यात गुंतलेले. बोट पुढे गेली. झेंडा अर्ध्यावरच होता.

मी तोंड फिरवणार होते, तेवढ्यात बोट वळली. काका बोटीच्या डच चालकाशी काहीतरी बोलत होते. बोट परत त्या भिंतीपाशी आली, हळू. झेंडा तसाच. वर कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या शेजारी घोषणा चालू होत्या. तिसऱ्या खेपेला काकांनी चालकाला काही सांगितलेलं मला दिसलं नाही, त्याने आपणहून बोट वळवली आणि इंजिन इतकं मंद केलं की ती जवळजवळ उभी राहिली. काका तसेच ताठ. युद्धनौकेच्या मागच्या भागात एक खलाशी होता, अगदी पोरगेला, कानाला फोन. त्याने खाली पाहिलं. उतरलेला झेंडा पाहिला, म्हाताऱ्याला पाहिलं. फोन खिशात घातला, कुणाला तरी हाक मारली, उत्तराची वाट न बघता धावला आणि दोरीशी झटापट केली. तो प्रचंड झेंडा धक्के खात खाली आला. क्षणभर थांबला. मग वर गेला. आणि मगच, अगदी सावकाश, काकांनी आपला चढवला.

बोटीत कुणी पाहिलं नाही. धक्क्यावर आमच्यातल्याही कुणी पाहिलं नाही, आमचे लोक फलकासमोर स्वतःचे फोटो काढत होते. तुच्छता वाटायचीच तर ती दोन्हीकडे वाटून देण्याइतकी होती माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे मोर्चा आल्याची वर्दी दिली. मी म्हटलं, चहा नको, तुम्ही त्यांना मुजरा केलात. ते म्हणाले, “मुजरा करणारा उत्तर मागत नाही. मी मागितलं.”

“आणि दिलं नसतं तर?”

“तर चौथी फेरी. वडे पुष्कळ होते.”

मी म्हटलं, त्याने काय बदललं? ती युद्धनौका इथून जाईल आणि कुठल्यातरी आखातात पुन्हा लोकांना त्यांच्याच दारात विचारत बसेल, कुठे चाललात. त्यांनी आपला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, “काही नाही बदललं. रेडिओवर तर कधीच उत्तर दिलं नाही त्यांनी... काल दिलं. एका पोराने दिलं, त्याला कुणी सांगितलं नसताना. मला तेवढं बघायचं होतं, जायच्या आधी.” कुठे जायच्या आधी, असं मी विचारलं नाही. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं नाही, आजही पटत नाही. झेंड्याला झेंडा मिळाला म्हणून तोफा काही बरोबरीच्या होत नाहीत. पण एवढं मला नक्की माहीत आहे की त्या दिवशी त्या बंदरात त्या आरमाराला खाली बघायला लावणारा एकच माणूस होता. आणि तो ना मंडळाचा होता, ना आमचा.

शोकसभा आमच्या भागातल्या समाजकेंद्राच्या हॉलमध्ये झाली. तो फोटो मोठा करून, चंदनाचा हार घालून समोर ठेवला होता. अध्यक्ष बोलले. कॅप्टनसाहेबांचा अमेरिकन आरमारावर कसा विश्वास होता, त्यांच्यामुळे समुद्र कसे सुरक्षित आहेत, हे साहेब त्यांना नेहमी कसं सांगायचे... मी उठणार होते. माझ्या पिशवीत, लाज न बाळगता सांगते, पत्रकंही होती. पण माझ्या आधी शालनकाकू उठल्या. माइक त्यांनी घेतलाच नाही.

“हा पहिल्या फेरीचा फोटो आहे,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या फेरीचा आहे का कुणाकडे?”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. अध्यक्षांना फेऱ्या आठवेनात. दोघातिघांनी खरोखरच फोन काढून चाळले, त्यात वडे होते, टोप्या होत्या, मुलं होती, नौका मागे ठेवून काढलेले स्वतःचे चेहरे होते. काकू थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, “घरी येऊन त्यांनी मला तीच सांगितली होती. असो. नसेल तर हा काढून ठेवा.” आणि बसल्या. फोटो काढायला कुणी उठेना, तेव्हा मी उठले. फोटो उतरवला, हार तेवढा खुर्चीवर ठेवला. म्हणून हा लेख. फोटो नाही, तर निदान पाहिलेलं माणूस तरी असावं.

सभेनंतर मी काकूंना घरी सोडायला गेले. गॅलरीचं दार उघडलं तर पंचा काठीच्या अर्ध्यावर होता. काकू म्हणाल्या, “त्या शेवटच्या दिवशी सकाळी तुझ्या मेट्रोच्या वेळेला ते बाहेर गेले, पंचा उतरवला आणि उभे राहिले. तू टिलबर्गला गेलीस हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आत या, गार आहे. म्हणाले, उत्तर यायचंय. तिथेच त्यांना दुखायला लागलं, मग अँब्युलन्स.” त्यानंतर दोरीला कुणी हात लावलेला नव्हता. पावसावाऱ्याने पंचा काठीला गुंडाळला गेला होता.

“वर करू का गं?” काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, आत्ता नको, दोरी धरून थांबा, मी मेट्रोने समोरून येते. खाली उतरले, स्टेशनवर गेले, एक स्टेशन मागे जाऊन उलट्या दिशेची मेट्रो पकडली. पिशवीतून पिवळं पत्रक काढलं, तेच, खुर्ची टाकून बसणाऱ्या दादाचं, काकांनी पेनने दोन ठिकाणी सुधारलेलं. इमारत आली. काकू दोरी धरून गॅलरीत उभ्या होत्या. मी पत्रक काचेला टेकवलं, खाली घेतलं, वर घेतलं. समोरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

काकूंना त्या दोरीची सवय नाही. पंचा एकदा अडकला, त्यांनी झटका दिला, मग तो वर गेला.